सत्तर हजारांची जुळणी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत असलेल्या एका घरात २०२४ च्या दिवाळीपूर्वी एक कागद तीन आठवडे या हातातून त्या हातात फिरत होता. हस्ताक्षर धाकट्या चिरंजीवांचे होते आणि मजकूर म्हणजे संगणकाच्या सुट्या भागांची यादी. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला गेलेल्या या मुलाला खेळांसाठी चांगला संगणक हवा होता. अण्णांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, नकार दिला नाही आणि लगेच होकारही दिला नाही. त्यांनी सत्तर हजार रुपयांची मर्यादा घातली आणि दोन अटी सांगितल्या. संगणक अक्काच्याही उपयोगी पडला पाहिजे, ही पहिली. अक्का आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि तिच्या जुन्या लॅपटॉपवर इमारतीचे एक रंगीत चित्र तयार व्हायला रात्र जात असे. दुसरी अट अशी की, प्रत्येक भाग का घेतला आणि त्याऐवजी दुसरा का घेतला नाही, हे लेखी हवे. पुढच्या हंगामात मुलाला पेढीवर खरेदीला बसवावे, असे अण्णांच्या मनात होते. ते त्यांनी बोलून दाखवले नव्हते. पण घरात ते सर्वांना ठाऊक होते, मुलालाही.

आईची शंका निराळी होती. गेमिंग म्हणजे पैसे लावून खेळायचा तो प्रकार तर नव्हे? ही शंका अनेक घरांत असते, म्हणून येथेच सांगितलेले बरे. पैसे लावून खेळायच्या ज्या ऑनलाइन खेळांवर पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून बंदी आणली, त्यांना असा संगणक लागतच नाही. हातातला मोबाइल त्यांना पुरतो. मुलाच्या यादीत मोटारशर्यतीचा 'फोर्झा होरायझन ५', शहर वसवण्याचा 'सिटीज स्कायलाइन्स' आणि फुटबॉल होते. आईचे समाधान झाले. निदान त्या दिवसापुरते.

त्याच सुमारास अण्णांच्या मोबाइलवर एक जाहिरात आली. 'आय-७ गेमिंग संगणक, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक कार्ड, मॉनिटरसह, फक्त २८,००० रुपये.' मुलाच्या कागदावर प्रोसेसरपुढे 'रायझन ५' लिहिलेले होते.

"सात मिळत असताना पाच कशाला," अण्णांनी विचारले, "आणि तेही अडीच पट पैसे मोजून?"

"त्यात काही अर्थ नाही, अण्णा."

"अर्थ नाही, हे उत्तर झाले नाही. गिऱ्हाईक विचारते तेव्हा तू असे सांगणार आहेस काय?"

मुलगा दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी त्याने जाहिरातीतल्या क्रमांकावर फोन करून प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक विचारला. विक्रेत्याने बरीच टाळाटाळ केली. शेवटी क्रमांक मिळाला तो कोअर आय-७ ३७७०, म्हणजे २०१२ साली बाजारात आलेला माल. ग्राफिक कार्ड होते जीटी ७३०. ते २०१४ चे. मुलाने कागदाच्या मागे लिहिले : 'आय-७ हे पोत्यावरचे नाव आहे. त्यापुढचा आकडा हे पिकाचे वर्ष आहे.' इंटेलच्या या मालिकांत ३७७० मधला पहिला ३ तिसरी पिढी दाखवतो आणि १२१०० मधले पहिले १२ बारावी पिढी. त्यामुळे २०२२ चा साधा आय-३ १२१०० हा, गाभे तितकेच म्हणजे चारच असूनही, त्या दहा वर्षे जुन्या आय-७ च्या बराच पुढे जातो. शिवाय त्या जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ ला मायक्रोसॉफ्टची मान्यता नाही आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार हे आधीच जाहीर झालेले होते. राहिले ते ४ जीबीचे कार्ड. जीबीचा आकडा कार्डाची साठवण सांगतो, बळ सांगत नाही. वखार मोठी आणि हमाल दोनच, अशी त्या कार्डाची गत. पडद्यावर चित्र दिसावे एवढ्यासाठीच ते बनवलेले आहे. मोटारशर्यत त्याला झेपणारी नाही.

राजापुरी हळदीचे हळकुंड मोडून आतला रंग पाहणाऱ्या अण्णांना हे चटकन पटले. जाहिरात त्यांनी पुसून टाकली आणि पुढच्या रकान्यावर बोट ठेवले.

असा संगणक जुळवताना बहुतेक तरुण ग्राफिक कार्डापासून आरंभ करतात. खरे तर पहिला प्रश्न पडद्याचा असतो. १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर सुमारे २१ लाख ठिपके असतात. २५६० बाय १४४० चा पडदा घेतला की ते पावणेदोन पटीहून थोडे अधिक होतात आणि ४के पडद्यावर चौपट. प्रत्येक ठिपका सेकंदाला साठ वेळा, शंभर वेळा नव्याने रंगवायचे काम कार्डाला करावे लागते. मोठा पडदा आधी घेतला की त्याला साजेसे कार्ड नंतर परवडत नाही आणि मग दोन्ही गोष्टींचा आनंद अर्धाच राहतो. सत्तर हजारांत २४ इंची, १०८० चा पडदा हेच शहाणपण होते. मुलाच्या मनात सेकंदाला १६५ चित्रे दाखवणारा मॉनिटर होता. अक्काला रंग खरे दिसणारा, बाजूने पाहिले तरी न बदलणारा आयपीएस पडदा हवा होता. १०० हर्ट्‌झचा आयपीएस मॉनिटर ८,३०० रुपयांत बसला आणि दोघांचेही भागले.

ग्राफिक कार्डावर मात्र भाऊ-बहिणीत खरा पेच पडला. त्या दिवसांत या मापात तीन कार्डे होती. एएमडीचे आरएक्स ६६००, ८ जीबी. तिघांत स्वस्त, वीज कमी खाणारे. एनव्हीडियाचे आरटीएक्स ४०६०, तेही ८ जीबी. खेळांत तिघांपेक्षा वेगवान. आणि २०२१ मध्ये आलेले आरटीएक्स ३०६०, खेळांत ४०६० च्या मागे, परंतु १२ जीबी साठवणीचे. घरात केवळ खेळच खेळायचे असते, तर आरएक्स ६६०० घेऊन पाच-सहा हजार वाचवणे हाच उत्तम सौदा होता, आणि ज्यांच्या घरी तेवढीच गरज असेल त्यांनी तेव्हा तेच घ्यायला हवे होते. पण अक्काचे काम वेगळे. इमारतीचे मोठे दृश्य, झाडे, फरशा, काचा हे सारे कार्डाच्या साठवणीत एकाच वेळी मावावे लागते. मावले नाही की काम अत्यंत मंदावते किंवा अर्ध्यावर बंद पडते. चित्र रंगवणारी अनेक साधने एनव्हीडियाच्या कार्डांवर अधिक चांगली चालतात आणि काही तर त्यांच्यावाचून चालतच नाहीत. म्हणजे बहिणीसाठी ३०६० आणि भावासाठी ४०६०.

मुलाने आठवडाभर दोन्ही नावे कागदावर ठेवली. मग त्याने ४०६० खोडले. त्यापुढे त्याने कारण लिहिले ते एवढेच : 'शर्यतीत काही चित्रे कमी दिसली तरी शर्यत होते. अक्काचे दृश्य मावले नाही तर चित्रच होत नाही.' अण्णांनी तो कागद वाचून खिशात घातला आणि त्या दिवशी काही विचारले नाही.

येथे एका सापळ्याची नोंद करायला हवी, कारण त्यात जाणते लोकही अडकतात. आरटीएक्स ३०६० याच नावाने ८ जीबीचेही एक कार्ड निघाले. खोक्यावरचा फरक एका आकड्याचा. परंतु आतला स्मृतीचा मार्ग १९२ बिटांवरून १२८ वर आणलेला. रस्ता एक तृतीयांश अरुंद झाला, नाव तेच राहिले. आरटीएक्स ३०५० चेही तसेच : ८ जीबीचे आणि ६ जीबीचे अशी दोन कार्डे एकाच नावाने विकली जातात आणि सहाच्या कार्डात केवळ साठवणच नव्हे, तर गणन करणारे गाभेही कमी आहेत. व्यापारी घराला हे सांगण्याची गरज नसावी, पण नमुना पाहिल्यावाचून नुसत्या नावावर सौदा करू नये, हे संगणकाच्या बाजारालाही तेवढेच लागू आहे.

प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम यांवर फारसा वाद झाला नाही. सहा गाभ्यांचा रायझन ५ ५६०० त्या कार्डाला पुरेसा होता. त्याहून महाग घेतला असता तर कार्ड मागे आणि प्रोसेसर रिकामा बसला असता. रॅम १६ जीबीची एकच पट्टी घेण्याऐवजी ८ च्या दोन घेतल्या, कारण दोन पट्ट्या असल्या की ये-जा दोन वाटांनी होते. मदरबोर्डावर मात्र मुलाने साधारण हजार रुपये जास्त मांडले होते. 'दोन खाचांचा बोर्ड स्वस्त आहे, चार खाचांचा घेतो. पुढे रॅम वाढवता येईल.' अण्णांनी ते मान्य केले.

मग कागदाच्या तळाशी असलेल्या ओळीवर ते थांबले. तेथे लिहिले होते : 'काचेचे कॅबिनेट, चार रंगीत दिव्यांच्या पंख्यांसह, ५,५००. एसएमपीएस त्याबरोबर फुकट, ४५० वॉट.'

"हे फुकट काय आहे?"

"भिंतीतली वीज सगळ्या भागांना पुरवणारा डबा, अण्णा. कॅबिनेटबरोबर येतो."

"म्हणजे सत्तर हजारांचा सगळा माल ज्याच्या भरवशावर चालणार, तोच फुकटचा? त्याचे लेबल दाखव."

संगणकातले अण्णांना काहीच कळत नव्हते. वजनकाट्यावरचे आणि मालाच्या चिठ्ठीवरचे बारीक अक्षर वाचण्याची सवय मात्र त्यांना चाळीस वर्षांची होती. मुलाने विक्रेत्याकडून त्या डब्याच्या लेबलचे छायाचित्र मागवले. वर ठळक अक्षरांत ४५० वॉट होते. खाली कोष्टकात १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर. बारा गुणिले अठरा, २१६. आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड हे दोघे आपली जवळजवळ सर्व वीज या १२ व्होल्टच्या वाटेनेच घेतात. एकट्या आरटीएक्स ३०६० चे माप १७० वॉट, प्रोसेसरचे ६५. दोन्ही मिळून २३५. डब्यावर ४५० लिहिलेले असून उपयोगी पडणारे २१६ सुद्धा तो खरोखर देईल याची खात्री नव्हती. असा डबा ऐन भारात बंद पडला तर नशीब समजायचे. तो कधी कधी मदरबोर्ड आणि कार्ड यांनाही सोबत घेऊन जातो. उन्हाळ्यात सांगलीत विजेचा दाब जसा खालीवर होतो, तो ज्याने अनुभवला आहे त्याला अधिक सांगायला नको.

मुलाचा चेहरा उतरला. चूक लहान नव्हती आणि तिचे कारण त्याला माहीत होते : दिव्यांच्या पंख्यांना पैसे काढण्यासाठीच त्याने हा रकाना मोकळा ठेवला होता. अण्णा रागावले नाहीत. ते इतकेच म्हणाले, "हळद वरची घेतलीस आणि पोती फाटकी." नव्या कागदावर काचेच्या कॅबिनेटऐवजी पुढून जाळी असलेले, हवा खेळती ठेवणारे साधे कॅबिनेट आले, २,८०० रुपयांचे; आणि ५५० वॉटचा, ८० प्लस ब्राँझ मानांकन असलेला, पाच वर्षांच्या वॉरंटीचा एसएमपीएस आला, ४,३०० रुपयांचा. एनव्हीडिया या कार्डासाठी ५५० वॉटचीच शिफारस करते. ८० प्लस हे मानांकन डबा वीज किती कमी वाया घालवतो एवढेच सांगते. त्याच्या टिकाऊपणाची हमी त्यात नसते, म्हणून वॉरंटीची वर्षेही पाहावी लागतात.

दरम्यान एका मित्राने वापरलेल्या आरटीएक्स ३०७० चे आमिष दाखवले होते. नव्या ३०६० पेक्षा स्वस्त. अशी कार्डे बाजारात येण्यामागे एक इतिहास आहे. इथेरियम हे कूटचलन ग्राफिक कार्डांवर गणिते सोडवून मिळवले जाई. १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्याची पद्धत बदलली, ते काम थांबले आणि महिनोन् महिने रात्रंदिवस राबवलेली कार्डे ढिगांनी विक्रीस आली. त्यांतली काही उत्तम निघतात. परंतु बिल नाही, वॉरंटी नाही, आणि पूर्वायुष्य कळत नाही; शिवाय जुन्या कार्डात नव्या कार्डाचे नाव भरून विकणारेही आहेत. मुलाने नको म्हटले, ते योग्यच केले.

खरेदीच्या आदल्या दिवशी मुनीमजींनी सुचवले की, बिल पेढीच्या नावावर घ्यावे. सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी. ६९,५०० च्या खरेदीत कराचे साडेदहा हजारांहून थोडे अधिक होतात. तेवढे इनपुट क्रेडिट मिळून जाईल, कोण पाहायला येतो? अशी सूचना बहुतेक पेढ्यांवर कधी ना कधी होते आणि ती करणाऱ्याचा हेतू मालकाचे चार पैसे वाचावेत एवढाच असतो. केंद्रीय जीएसटी कायद्याचे कलम १७(५) मात्र स्पष्ट आहे : खासगी उपभोगासाठी घेतलेल्या मालावर क्रेडिट मिळत नाही. संगणक खरोखर पेढीच्या बिलांसाठी असता तर गोष्ट वेगळी होती. अण्णांनी बिल मुलाच्या नावावर घ्यायला सांगितले आणि रक्कम आपल्या उचल खात्यावर टाकली. त्या वेळी मुलगा समोर बसला होता. तो बसलेला असतानाच हे व्हावे, असे अण्णांना वाटले असावे.

रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने दोघे मुंबईला गेले. ग्रँट रोडजवळचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ज्याला सारे लॅमिंग्टन रोडच म्हणतात, तेथे त्यांनी चार दुकाने फिरून भाव काढले. एका दुकानात कच्च्या पावतीवर आणखी कमी करण्याची तयारी दाखवण्यात आली. अण्णांनी पाणी पिऊन दुकान सोडले. जेथे खरेदी केली तेथे प्रत्येक खोक्याचे सील पाहून, खोक्यावरचा अनुक्रमांक बिलात लिहवून घेतला. वॉरंटीचा दावा पुढे याच एका ओळीवर उभा राहतो. "विंडोज भरून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत," असे दुकानदार म्हणाला, तेव्हा मुलगा गडबडला, कारण विंडोज त्याच्या कागदावर नव्हतेच. नव्या परवान्याचे मोल सहज मदरबोर्डाएवढे होते. अण्णांनी विचारले, "पैसे नाहीत म्हणजे कोणाचे?" शेवटी घरच्या जुन्या संगणकासाठी पूर्वी खोक्यात विकत घेतलेली विंडोज १० ची प्रत उपयोगी पडली. असा स्वतंत्र विकत घेतलेला परवाना जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेता येतो. यंत्राबरोबर आलेला नेता येत नाही.

जुळणी घरीच, जेवणाच्या टेबलावर झाली. चार तास लागले, त्यांतला एक तास भीतीत गेला. पंखे फिरत होते, पडदा काळा. मुलाने रॅम काढून बसवली, पुन्हा काढली. अण्णा वर्तमानपत्र वाचण्याचे निमित्त करून खोलीतच बसून राहिले. अक्काने मागे वाकून पाहिले आणि मॉनिटरची तार मदरबोर्डातून काढून ग्राफिक कार्डात लावली. रायझन ५ ५६०० मध्ये स्वतःचे चित्र दाखवण्याची सोय नाही. मदरबोर्डाच्या खाचेतून त्याला काही दिसणारच नव्हते. चित्र आले. नंतर बायॉसमध्ये जाऊन एक्सएमपी सुरू केल्यावर रॅम आपल्या ३२०० च्या गतीने चालू लागली, आणि विंडोजमध्ये ६० वर राहिलेला मॉनिटर १०० वर नेला. हे दोन बदल न केल्यामुळे कित्येकजण विकत घेतलेली गती वर्षानुवर्षे वापरतच नाहीत.

हिशेब असा झाला : ग्राफिक कार्ड २५,५००, प्रोसेसर १०,८००, मदरबोर्ड ९,२००, रॅम ३,४००, एक टीबीची एसएसडी ५,२००, एसएमपीएस ४,३००, कॅबिनेट २,८००, मॉनिटर ८,३००. एकूण ६९,५००. कीबोर्ड आणि माऊस जुनेच. उरलेले पाचशे मुलाने अण्णांच्या हातात दिले. हे भाव त्या दिवाळीचे आहेत. आज कोणी यादी करील तर आकडे निराळे निघतील. निम्म्याच्या आसपास रक्कम कार्ड आणि प्रोसेसर या दोघांना, आणि वीज देणाऱ्या डब्याला काटकसर नाही, एवढे प्रमाण मात्र अजून चालते.

फेब्रुवारीत नव्या हळदीचे सौदे सुरू झाले तेव्हा मुलगा पेढीवर बसू लागला. संगणकावर दिवसा अक्का असते आणि रात्री तो. वर्षभराने अक्काला चौथ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी १६ जीबी रॅम अपुरी पडू लागली. मुलाने भाव पाहिले. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी स्मृतीच्या चिपा अशा उचलल्या होत्या की, त्या बनवणाऱ्या सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन मोठ्या कंपन्यांचा ओढा तिकडेच वळला आणि घरगुती रॅमचे भाव दुपटीच्या पुढे गेले. ३,४०० ची वस्तू त्या भावात घ्यावी की थांबावे, यावर पेढीवर चर्चा झाली.

"तूच सांग," अण्णा म्हणाले.

मुलाने अक्काला विचारले, किती दिवस निभेल? दृश्याचे तुकडे करून काम केले तर मार्चपर्यंत निभेल, असे ती म्हणाली. दोन खाचा अजून रिकाम्या आहेत.